सासऱ्यांना चर्च आणि मिशनसाठी पैशाची तरतूद करायचीये, सुरुवात कुठून करू? (अमेरिका)

निळी_छत्री:
नमस्कार सगळ्यांना. सासरे ७४ वर्षांचे, सासूबाई ७१, दोघंही इथे अमेरिकेत ४० वर्षं आहेत आणि दोघंही सिटीझन. दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा चर्चला) दर महिन्याला न चुकता देतात, त्याचा प्रश्न नाही. आता पप्पांच्या मनात आलंय की आपल्या माघारीही चर्चला आणि तुरुंगातल्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका मिनिस्ट्रीला काहीतरी मिळत राहावं. त्या मिनिस्ट्रीने एक जाडजूड पुस्तिका पाठवलीये, त्यात गिफ्ट अॅन्युइटी, रिमेंडर ट्रस्ट, डोनर अॅडव्हाइज्ड फंड असं काय काय आहे, मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा डुलकी लागली. घर स्वतःचं आहे, थोडे जुने शेअर्स आहेत आणि बऱ्यापैकी पैसा आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीचं खातं, ज्यातून पैसे काढताना टॅक्स लागतो). शिवाय सासूबाईंना महाराष्ट्रात मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका मिशनलाही द्यायचंय. मुलं तीन, सगळी कमावती, कोणाची हरकत नाही (निदान तोंडावर तरी नाही). वकील गाठायच्या आधी आपल्याला काय हवंय ते तरी कळावं म्हणून विचारतेय.

हिशोबी_दादा:
ताई, ती पुस्तिका आधी बाजूला ठेवा. कुठली स्कीम हा प्रश्न नंतरचा, आधी बघायचं की कुठला पैसा कोणाला द्यायचा. आयआरएचा पैसा मुलांना गेला तर त्यांना तो काढताना इन्कम टॅक्स भरावा लागतो आणि २०२० पासूनच्या नियमाने बहुतेक मुलांना १० वर्षांत तो सगळा काढावाच लागतो, म्हणजे ऐन कमाईच्या वर्षांत वरच्या दराने टॅक्स. तोच पैसा चर्चला गेला तर चर्चला टॅक्सच नाही. घर आणि शेअर्सचं मात्र उलट आहे, ते वारशाने मिळाले की त्यांची किंमत मृत्यूच्या दिवसाची धरतात, त्यामुळे मुलांना आधीच्या नफ्यावर टॅक्स बसत नाही. म्हणून आयआरए देवाला आणि घर मुलांना. लोक नेमकं उलटं करतात, मृत्युपत्रात चर्चला ठरावीक रक्कम लिहितात आणि आयआरए मुलांच्या नावावर.

आणि हयातीत द्यायचं तर पप्पांचं वय झालंच आहे, क्यूसीडी करा, म्हणजे आयआरएतून थेट दान. साडेसत्तर पूर्ण झाले की आयआरएतून थेट चर्चला पैसे पाठवता येतात, ते उत्पन्नात धरलेच जात नाहीत, आणि ७३ नंतर आयआरएतून दरवर्षी जी सक्तीची रक्कम काढावी लागते त्यातही मोजले जातात. २०२५ साली माणशी मर्यादा १,०८,००० डॉलर होती, म्हणजे आपल्यासारख्यांना ती आडवी येत नाही. फक्त चेक चर्चच्याच नावाने हवा, पप्पांच्या खात्यात येऊन मग दिला की संपलं. ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मधून चालत नाही, डोनर अॅडव्हाइज्ड फंडालाही (दानाचे पैसे ठेवायचं मधलं खातं) चालत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच करा, कारण सक्तीची रक्कम आधी स्वतः काढून बसलात तर ती परत फिरवता येत नाही.

उंबरठा:
दादांशी सहमत, पण एक अनुभव सांगते. माझ्या काकांनी मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलं होतं की आयआरएतला चौथा हिस्सा चर्चला. काका गेले, पैसे ज्या कंपनीकडे होते तिने मृत्युपत्र उघडूनही बघितलं नाही, बेनिफिशियरी फॉर्मवर (आपल्या माघारी खात्यातले पैसे कोणाला, हे लिहून दिलेला फॉर्म) ज्यांची नावं त्यांना पैसे देऊन टाकले. चर्चला शून्य. काकूने मग स्वतःच्या पैशातून दिले ती गोष्ट वेगळी. आयआरए असो नाहीतर लाइफ इन्शुरन्स, मृत्युपत्रात काहीही लिहा, चालतो तो फॉर्म. आणि फॉर्मवर चर्चचं नुसतं नाव लिहू नका, एकाच शहरात एकाच नावाची दोन चर्च असतात, टॅक्स नंबर आणि पत्ता लिहा. शक्य असेल तर चर्चसाठी आयआरएचं वेगळं छोटं खातंच काढा, म्हणजे मुलांच्या आणि चर्चच्या हिश्श्याचा गुंता होत नाही.

पायवाट:
गिफ्ट अॅन्युइटीला इतकं हिणवू नका हो 🙂 माझ्या आईने केलीये. एकरकमी पैसे दिले, आता तिला मरेपर्यंत ठरलेली रक्कम मिळते, उरेल ते मिनिस्ट्रीला, आणि दिलं त्या वर्षी टॅक्समध्ये थोडी वजावटही मिळाली. ज्याला दर महिन्याच्या खर्चाची चिंता आहे पण द्यायचंही आहे त्याला ती बरी. पण दोन गोष्टी. एक, पैसे परत मिळत नाहीत, मन बदललं तरी नाही. दोन, ते मासिक पैसे द्यायचं वचन त्या संस्थेचं असतं, ती बुडाली तर तुम्हीही रांगेत. म्हणून पुस्तिकेचा कागद किती गुळगुळीत आहे ते न बघता संस्थेचे हिशोब मागा. छोट्या चर्चला हे स्वतः झेपत नाही, ती बहुधा आपल्या पंथाच्या फाउंडेशनमार्फत करतात.

हिशोबी_दादा:
@पायवाट हिणवत नाहीये, पण यांना दरमहा पैशाची गरज आहे असं ताईंनी कुठे म्हटलंय? रिमेंडर ट्रस्ट (मालमत्ता ट्रस्टमध्ये टाकायची, त्यातून आपण पैसे घेत राहायचं, शेवटी उरेल ते संस्थेला) तर यांना नकोच. त्यात दरवर्षी किमान ५ टक्के दात्याला द्यावे लागतात, सुरुवातीच्या हिशोबाने संस्थेसाठी निदान १० टक्के उरायला हवेत, वकिलाची फी, दरवर्षी ट्रस्टचं वेगळं रिटर्न. किंमत फुगलेली मोठी जमीनबिमीन विकायची असेल तर ठीक. जुने शेअर्स हयातीत द्यायचे असतील तर विकू नका, शेअर्सच द्या, नफ्यावरचा टॅक्स वाचतो. चर्चला शेअर्स घेता येत नसतील तर तिथे मात्र डोनर अॅडव्हाइज्ड फंड कामाला येतो, शेअर्स त्यात टाकायचे, मग तिथून चर्चला हवे तेव्हा पाठवायचे.

कोरा_चेक:
सासूबाईंच्या वसतिगृहाचं कोणीच बोललं नाही. क्यूसीडी काय किंवा टॅक्सची वजावट काय, भारतातल्या ट्रस्टला थेट दिलं तर नाही मिळत, इथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यावं लागतं आणि पैसा कुठे जातो यावर त्या संस्थेचं नियंत्रण हवं. तिकडे वसतिगृहाकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायची भारत सरकारची परवानगी) आहे का ते आधी विचारा, असेल तर परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्याच खात्यात येतो, २०२० पासून तसा नियम आहे. लोक चुकतात ते इथे, भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयचा पैसा परदेशी धरत नाहीत, पण अमेरिकन सिटीझन झालेल्याचा धरतात, मग तो जन्माने अस्सल मराठी का असेना. नोंदणी नसताना तुम्ही प्रेमाने पैसे पाठवाल आणि अडकतील ते बिचारे.

बाकी हे काही नवीन नाही. पंडिता रमाबाईंसाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये असोसिएशन निघाली तेव्हा त्या लोकांनी १० वर्षं पैसे देण्याचं कबूल केलं होतं, त्याच्या भरवशावर १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. संस्थेला मोठ्या रकमेइतकीच ती दरवर्षी येणार याची खात्री लागते. तेव्हा वसतिगृहाला दरवर्षी ठरावीक द्या, मृत्युपत्राची वाट बघू नका.

निळी_छत्री:
सगळ्यांचे आभार, एवढं तर वकिलानेही फुकटात सांगितलं नसतं. काल रात्री पप्पांच्या आयआरएचा फॉर्म शोधून काढला. १९८६ सालचा! सासूबाईंचं नाव आहे, त्यांच्यानंतर माझा नवरा आणि मोठी नणंद, बस. धाकटी नणंद तेव्हा जन्मलीच नव्हती. चर्चचं तर नावच सोडा. पप्पा म्हणाले मी सगळं मृत्युपत्रात नीट लिहिलंय की. सोमवारी नवीन फॉर्म भरतोय, पण धाकटीला हे कोणीतरी हसत हसत सांगितलं आणि ती काल रात्रीपासून फोन उचलत नाहीये.