मदत हवी आहे: होळीला गावी परतणाऱ्या मजुरांशी गुप्तरोगांबद्दल कसं बोलावं?

मालवा_मराठी (इंदूर): देपालपूरच्या पुढे दोन गावांत होळीच्या आठवड्यात आरोग्यसभा घ्यायची आहे. गुजरातेत बांधकामावर गेलेले पुरुष तेव्हा घरी असतात. पुरुषांना एक तास, बायकांना वेगळा. नुसतं घाबरवणारं भाषण नको. नेमकं काय सांगावं, काय दाखवावं?

परिचारिका_ताई: शब्द त्यांचेच घ्या. 'लैंगिक संक्रमण' म्हटलंत की माना खाली जातात. 'गरमी', 'सफेद पानी', 'पेशाब में जलन' म्हणा, मग प्रश्न येतात.

गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम बहुधा दुखत नाही, हे ठासून सांगा. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते. माणसाला वाटतं, सुटलो. जंतू मात्र अंगातच असतात. बायको गरोदर असेल आणि तिला लागण झाली, तर मूल पोटातच दगावू शकतं. घरसंसार असलेल्या माणसाला हा मुद्दा लगेच पटतो.

दुकानातून दोन-चार गोळ्या घेऊन काम भागत नाही. स्राव थांबला तरी रोग राहू शकतो. उपचार नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी घ्यायचे, आणि डॉक्टर सांगतील तोवर, निदान सात दिवस, संबंध टाळायचे. एकट्याने घेतलं तर पुन्हा लागण ठरलेलीच.

बायकांच्या तासाला हे आधी सांगा: अंगावरून जाणारं प्रत्येक पांढरं म्हणजे रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मधोमध पातळ, बिनवासाचं पाणी जाणं नैसर्गिक आहे. दह्यासारखं घट्ट आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. त्यावरून नवऱ्यावर संशय घेऊ नये. हिरवट-पिवळं, घाण वासाचं, किंवा ओटीपोटात दुखत असेल तर लगेच दाखवायचं.

मालवा_मराठी: ताई, फार उपयोगी. पुरुष म्हणतात, निरोध फुटतो. त्यांना काय सांगू?

औषधी_काउंटर: फुटण्याची कारणं बहुतेक वेळा तीच असतात. पाकीट पँटच्या मागच्या खिशात किंवा मोटरसायकलच्या डिकीत उन्हात तापलेलं. दातांनी फाडलेलं. टोकाची हवा न काढलेली. आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलेलं! तेलाने रबर काही मिनिटांतच कमजोर होतं, पाण्याची जेली चालते. दोन एकदम चढवले तर घासून फाटतात.

दाखवताना तारीख वाचा, पाकीट दाबून आत हवा आहे का बघा, कडेने फाडा. टोक चिमटीत धरून मुळापर्यंत उलगडा. उलटं लागलं तर फेकून नवं घ्या. संपल्यावर ताठरपणा जायच्या आत बूड धरून बाहेर काढा. केळ्यावर दाखवलंत तर हे लिंगावर चढवायचं, हे स्पष्ट शब्दांत सांगा. लाजून गाळू नका.

परिचारिका_ताई: आणखी एक. भगोरियाच्या (होळीआधीच्या आदिवासी जत्रेच्या) हाटात गोंदवून घेणाऱ्यांना सुईबद्दल सांगा. प्रत्येकाला नवी सुई हवी, शाईची वाटीसुद्धा वेगळी. एकाच सुईने एचआयव्ही आणि कावीळ-बी दोन्ही पसरतात. झोलाछाप (बिनपदवीच्या) डॉक्टरच्या सिरिंजलाही हेच लागू.

एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. चाचणी परतल्यावर एकदा, आणि शेवटच्या धोक्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा. निरोध फुटून धोका झाला असेल तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठायचा, जितकं लवकर तितकं बरं. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या २८ दिवस चालतात. इंदूरच्या एमवाय रुग्णालयात एआरटी केंद्र (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र) आहे. १०९७ हा एचआयव्ही मदतवाहिनीचा मोफत क्रमांक फळ्यावर मोठा लिहा, आणि सभा संपल्यावर फळा लगेच पुसू नका.