मदत हवी आहे: आरोग्य मानसशास्त्र आणि समग्र स्वास्थ्य, बारावीनंतर ही पदवी घ्यावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीट दिली होती, पण एमबीबीएसपुरते गुण नाहीत. मामा म्हणतो बीएएमएस बघा, तिचे बाबा म्हणतात बी. फार्म. तिला मात्र आरोग्य मानसशास्त्र शिकायचंय. नीट हुकली म्हणून शोधलेली ही पळवाट नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण सगळं घरातच घडलं.

माझे सासरे, आमचे आबा, तासगावकडचे द्राक्षबागाईतदार. वीस वर्षांची शुगर. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. बाटल्या फ्रीजमध्ये येत होत्या आणि आम्ही समजत होतो आबा घेतायत. पायाची जखम चिघळून अंगठा काढावा लागला, तेव्हा कळलं की निम्म्या बाटल्यांचं सीलही तुटलेलं नाही. घरात आरडाओरडा झाला. मीही नको ते बोलले. पोरगी एक शब्द बोलली नाही. ती रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागली. चार-पाच दिवसांनी आबा बोलले. त्यांच्या जोडीदाराला सुई सुरू झाली आणि तीन महिन्यांत तो गेला. सुई लागली म्हणजे संपलं, असं त्यांच्या मनात बसलं होतं. शिवाय मजुरांसमोर सदरा वर करून पोटात टोचून घ्यायची लाज. आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तिने डॉक्टरांशी बोलून वेळा बसवल्या: सकाळी न्याहारीआधी घरातच, आणि रात्रीची जेवणाआधी, देवापाशी दिवा लागला की. पहिला महिनाभर दोन्ही वेळेला ती शेजारी बसायची. आता आबा आपले आपण टोचून घेतात. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेदहावरून पावणेआठवर आली. तेव्हापासून ती म्हणतेय, "आई, मला हेच शिकायचंय."

एका खासगी विद्यापीठात नेमकी याच नावाची तीन वर्षांची पदवी मिळाली. फी वर्षाला पावणेदोन लाख. माहितीपत्रकात ध्यान, निसर्गोपचार, चक्र, 'ऊर्जा उपचार' असं बरंच आहे. मानसशास्त्राचे पेपर शोधावे लागतात. पदवीनंतर 'वेलनेस थेरपिस्ट' म्हणून स्वतःचं केंद्र काढता येईल असंही लिहिलंय. एकवीस वर्षांच्या मुलीने लोकांवर उपचार करायचे? मला भीती वाटते. ही पदवी घ्यावी, की साधं बीए मानसशास्त्र? आणि पुढे काम कुठे मिळतं?

बकुळफूल

ताई, मी अकरा वर्षं पुण्यात रुग्णालयात समुपदेशक आहे, आधी कॅन्सर विभागात, आता डायलिसिसला. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. औषध हाताशी असून माणूस ते का घेत नाही, हा आमच्या विषयाचा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की विकसित देशांतही दीर्घ आजारांचे जेमतेम निम्मे रुग्ण ठरल्याप्रमाणे औषधं घेतात. म्हणजे आबा एकटे नाहीत. जॉर्ज एंगेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरने १९७७ मध्ये आग्रहाने मांडलं होतं की आजार पाहताना शरीर, मन आणि भोवतालची माणसं एकत्र पाहा. बायोसायकोसोशल मॉडेल म्हणून ते शिकवतात. साखर, जोडीदाराच्या मरणाची भीती आणि मजुरांसमोरची लाज, तुमच्या लेकीने तिन्ही एकत्र पाहिलं.

आता पदवीचं. माझं स्पष्ट मत: बीए किंवा बीएस्सी मानसशास्त्रच घ्या, शक्य असेल तिथे नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची. तीन वर्षांनी बाहेर पडता येतं, आणि चौथं पूर्ण केलं तर एक वर्षाच्या एमएची वाट असते. आरोग्य मानसशास्त्र पदवीला बहुधा एखाद-दुसरा पेपर म्हणून येतं. खरं शिक्षण एमएपासून पुढे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. नुसत्या पदवीने ते होत नाही, तिच्या नावात काहीही असो. आणि घरबसल्या मानसशास्त्राची पदवी कुणी गळ्यात मारत असेल तर लांब राहा: यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत.

कॉलेजात गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवून पेपरनिहाय अभ्यासक्रम मागा. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती आहे का? मेंदू आणि शरीरक्रियेचा पेपर आहे का? शेवटच्या वर्षी मुलं कुठल्या रुग्णालयात जातात, आणि तिथे त्यांच्या कामावर देखरेख कोण करतं? मागच्या बॅचच्या मुलांना एमएला प्रवेश कुठे मिळाले? शेवटच्या प्रश्नावर जे चाचरतात, तिथे पैसे भरू नका.

'समग्र' या शब्दावर मात्र फुली मारू नका. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणं लावून मोजलं आणि 'योग मीमांसा' या नियतकालिकात छापलं. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, त्यावर पुढे भरपूर संशोधन झालं. पडताळा घेऊन शिकवतात तिथे योग आणि ध्यान शिकण्यासारखंच आहे. चक्र शुद्ध केली की शुगर जाते असं जिथे सांगतात, तिथून निघालेलं मूल उद्या एखाद्या आबांचं इन्सुलिन बंद करायला सांगेल. मी असे रुग्ण पाहिले आहेत, म्हणून पोटतिडकीने लिहितेय.

काम आहे. सरकारी रुग्णालयांतली एचआयव्ही तपासणी केंद्रं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रं, कॅन्सर, डायलिसिस, हृदयविकारानंतरचं पुनर्वसन. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हे घरी आत्ताच बोलून ठेवा.

लीड्सकर

इथली थोडी माहिती. ब्रिटनमध्ये 'हेल्थ सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे. २००९ पासून एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणी संस्थेकडे नाव असल्याशिवाय ते लावता येत नाही. माझ्या पुतणीने तिकडे बीए मानसशास्त्र केलं आणि इथे एमएस्सी हेल्थ सायकॉलॉजी. प्रवेशाच्या वेळी तिच्या पदवीत मानसशास्त्र किती होतं आणि संशोधन काय केलं होतं हेच पाहिलं. 'वेलनेस' नावाची पदवी इथे कितपत मानली गेली असती, शंका आहे.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. काल त्या विद्यापीठात फोन केला आणि बकुळफूल ताईंचे प्रश्न एकेक करून विचारले. संख्याशास्त्र "ऐच्छिक" आहे. रुग्णालयाशी करार "प्रक्रियेत" आहे. एमएला कुणी गेलं का, यावर पलीकडच्या बाईंनी प्रवेशासाठी सवलत देऊ केली. लेक शेजारीच बसली होती, तिने स्वतःच मानेने नाही म्हटलं.

सांगलीत आणि पुण्यात मानसशास्त्र विषय असलेल्या कॉलेजांची यादी तिने काढलीय, चार वर्षांचा पर्याय कुठे आहे ते तपासतोय. तिच्या बाबांना बकुळफूल ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते पगाराच्या ओळीवर थांबले, मग म्हणाले, पहिलं वर्ष बघू.

आता एकच विचारायचंय. ती आबांबरोबर तपासणीला जाते तिथल्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की सुट्टीत येऊन बाहेर बसलेल्या रुग्णांशी बोल. पण कसलंच शिक्षण नसताना तिने काय बोलावं आणि काय बोलू नये? बकुळफूल ताई, तुम्ही सुरुवातीला काय केलं होतं?

बकुळफूल

पहिले सहा महिने मी फक्त ऐकलं. सल्ला द्यायचा नाही, औषधाबद्दल एक अक्षर नाही, ते डॉक्टरांचं काम. "सुई घ्यायला काय अवघड जातं?" एवढाच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत गप्प. ऐकलेलं रात्री वहीत लिहायचं, माणसाचं नाव न लिहिता. कुणी जगणं नको झालंय असं बोललं तर मनात ठेवायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना सांगायचं. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्याजवळ असू दे, मराठीतही बोलतात. वही भरली की मला निरोप करा, आपण तिघी बसून वाचू.