कुरकुर ऐकून उपाय सुचवणाऱ्यांस

चरफडराव

सरळमार्गी यांनी काल एक टिपण लिहिले. रोजची कुरकुर हा आळसाचाच प्रकार असून ज्याला तक्रार करायची आहे त्याने सोबत उपायही आणावा, आणि उपाय नसेल तर इतरांचा दिवस नासवू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर अनेकांनी माना डोलावल्या. मी दोन ओळींचे उत्तर लिहायला बसलो होतो. ते एवढे लांबले याचा दोष त्या टिपणाकडेच जातो.

ज्याच्यामुळे त्रास होतो त्याच्याकडे, किंवा त्याचा कान पिळू शकेल अशा माणसाकडे तक्रार जाते आणि तिला निकाल हवा असतो. कुरकुर मात्र मुद्दाम निवडून अशा माणसाकडे केली जाते, ज्याच्या हातात काहीही नसते. अचानक कोसळलेल्या पावसाबद्दल मी हवामान खात्याला पत्र लिहीत नाही. आडोशाला शेजारी उभ्या असलेल्या आणि माझ्याइतक्याच भिजलेल्या अनोळखी माणसाला म्हणतो, की याला आजच मुहूर्त सापडला. तो म्हणतो, छत्री घरी राहिली की याला बरोबर वास लागतो. पाऊस पडतच राहतो, पण आम्ही दोघे आता अनोळखी नसतो. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली असल्या बोलण्याला स्वतंत्र नाव दिले आणि त्याचे काम माहिती पोचवणे नसून माणसे एकमेकांशी बांधणे हे आहे, असे सांगितले. शंभर वर्षांनंतर आपण त्याच बोलण्याकडे कृती-आराखडा मागत आहोत.

आमच्या इमारतीची लिफ्ट माझ्या मजल्यावर थांबते खरी, पण दार उघडावे की नाही याचा विचार ती तिथे पोचल्यानंतर सुरू करते. हे वाक्य मी एका शेजाऱ्यांना ऐकवले, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने देखभाल करणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मला दिला. तो क्रमांक तळमजल्यावरच्या फलकावर आहे आणि तो तिथे मीच लिहिलेला आहे. उपाय सांगणारा दर वेळी मदतच करतो असे नाही. पुष्कळदा तो संभाषणाचे दार लावून घेतो, आणि तेही लिफ्टपेक्षा लवकर.

सरळमार्गी

लिफ्टचे वाक्य चांगले आहे. पण ते आपण किती जणांना आणि किती वेळा ऐकवले आहे, हे लिहायला आपण विसरलात.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी चार वर्षे बसत होते. सकाळी आले की बॅग ठेवण्याआधी पहिला उसासा, मग प्रवास, मग खुर्ची, मग संगणक, मग साहेब, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. त्यांच्या कुरकुरीत विनोद होता हे मी मान्य करतो. परंतु तो एकच होता. पहिल्या महिन्यात मी हसलो, दुसऱ्या महिन्यात सौजन्य म्हणून हसलो, आणि त्यानंतर कानांत काहीही वाजत नसताना इयरफोन घालून बसू लागलो. पावसातल्या अनोळखी माणसाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण तो दहा मिनिटांनी निघून जातो. टेबल निघून जात नाही.

मनातले बाहेर काढल्याने माणूस हलका होतो, हा समजही फार जपला जातो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांच्या निबंधांवर मुद्दाम जहरी शेरे मारून त्यांना चिडवले गेले. मग काहींना शेरे मारणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला सांगितले, तर काहींना नुसते शांत बसवले. गुद्दे मारणाऱ्यांचा राग नुसत्या बसलेल्यांपेक्षा अधिक निघाला. राग उगाळल्याने वाढतो, एवढेच मला म्हणायचे होते.

शब्दवेल्हाळ

दोघांनीही शब्दांची सरमिसळ केल्यामुळे मध्ये पडणे भाग आहे. किरकिर झोप आलेल्या बाळाची असते, पिरपिर काहीतरी पदरात पडेपर्यंत चालते, आणि भुणभुण ऐकणाऱ्याने हात झटकल्यावरही परत येते. चरफड आतल्या आत होते. धुसफुशीला किमान दोन माणसे लागतात. तणतण करणारा माणूस सहसा चालता असतो आणि वाटेत भांडी किंवा दारे असतील तर त्यांचाही आवाज होतो. त्रागा करणारा दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढून दाखवतो. या साऱ्यांत कुरकुर ही सर्वांत निरुपद्रवी आहे, कारण कुरकुर करता करताच माणूस ते काम करत असतो.

बुशमन यांच्या प्रयोगातील मुले यांपैकी काहीही करत नव्हती. ती संतापलेली होती. संतापावरचा निष्कर्ष कुरकुरीला लावणे म्हणजे पुराचा अहवाल वाचून ठिबकणाऱ्या नळाला नोटीस बजावण्यासारखे आहे. तसेच, सरळमार्गी यांच्या सहकाऱ्याचे जे वर्णन आले आहे, ती कुरकुर नव्हे. ते रडगाणे आहे, आणि त्याबद्दल माझी पूर्ण सहानुभूती आहे.

चरफडराव

रडगाण्यालाही माझा पाठिंबा नाही. मात्र 'त्यांच्याकडे एकच विनोद होता' हा आरोप मला पटत नाही. हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाराशे प्रसंगांतले नैसर्गिक हसणे टिपून पाहिले, तेव्हा ज्याला विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचे हसणे वीस टक्क्यांहून कमी भरले. उरलेले सगळे 'चला, निघतो मी' अशा साध्या वाक्यांवर होते. लोक एकमेकांसोबत म्हणून हसतात, विनोदाला क्वचित. आपला सहकारी आपल्याकडून दाद मागत नव्हता, नुसता हुंकार मागत होता, आणि आपण इयरफोन घातलेत.

सरळमार्गी

चार वर्षे हुंकार देऊन पाहा, आणि मग मला शिकवा.

ऐकणारी

हुंकार देणाऱ्यांच्या वतीने कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. घरात आणि कामाच्या जागी एक माणूस असा असतोच, ज्याच्या चेहऱ्यावर 'येथे गाऱ्हाणी स्वीकारली जातील' असे लिहिलेले असते. माझ्या चेहऱ्यावर ते आहे. मी उपाय सांगत नाही, मध्येच तोडत नाही, योग्य जागी 'अरेरे' आणि योग्य जागी 'काय सांगता' म्हणते. वीस वर्षांच्या या सेवेनंतर परवा मी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच म्हणाले, की आज माझे डोके फार दुखते आहे. उत्तर आले, "अगं, माझे तर कालपासून दुखते आहे." दुसरी व्यक्ती म्हणाली, की तिचे अर्धेच दुखते, पण अर्धे दुखणे पूर्णापेक्षा वाईट असते.

तुम्ही उपाय देणाऱ्यांवर चिडता आहात. मला तर कोणी उपाय दिला असता तरी चालले असते. कुरकुरीचा खरा शत्रू तो आहे, जो तुमच्या कुरकुरीवर आपली कुरकुर चढवतो.

रात्रपाळी

मी रुग्णालयात काम करत होते. हे वाचून थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

दोन वर्षे सलग रात्रपाळ्या होत्या आणि त्यांबद्दल मी सतत विनोद करत असे. सूर्याशी माझी तोंडओळख आहे, आम्ही जिन्यात भेटतो. माझी रोपे मला पाहुणी समजतात. झोपेने मला कळवले आहे, की यापुढचा पत्रव्यवहार वकिलामार्फत करावा. लोक पोट धरून हसत. मैत्रिणी माझी वाक्ये इतरांना ऐकवत. मग एके दिवशी मी राजीनामा दिला आणि तीन महिने घरात पडून राहिले. तेव्हा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणाला : "इतका त्रास होत होता, तर कधी बोलली का नाहीस?" मी दोन वर्षे त्याशिवाय दुसरे काही बोललेच नव्हते.

त्यामुळे चरफडरावांची बाजू मला अर्धीच पटते. कुरकुर विनोदी झाली की ती ऐकून घेतली जाते, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्यातले खरे कोणापर्यंत पोचत नाही. हल्ली मी लिहिताना एक नियम पाळते : गंमत असेल तर पुढे हसरा चेहरा लावते, आणि गंमत नसेल तर लावत नाही.

खवचट

बाकी सगळे मान्य, पण हसरा चेहरा? विनोदाच्या शेवटी तो चिकटवणे म्हणजे बोलून झाल्यावर स्वतःच स्वतःच्या कमरेत कोपर मारण्यासारखे आहे. ज्या वाक्याला 'हसा' अशी पाटी लावावी लागते, ते वाक्य मागे घ्यावे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिले आहेत : स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. डोळ्यांत पाणी आणणारे हसू या शेवटच्या वर्गात मोडते. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून नेमके तेच चिन्ह निवडले, यावरून आपण कोठवर आलो आहोत हे दिसते.

कंसातला

खवचट यांनी ज्याची टिंगल केली, त्या चिन्हाचा जन्म कसा झाला हे पाहण्यासारखे आहे, आणि योगायोग असा, की त्यातही लिफ्टच आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील काही मंडळी संगणकावरच्या सूचनाफलकावर, कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल, असल्या कोड्यांवर लेखी गप्पा मारत होती. कोणीतरी गमतीने लिहिले, की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काही वाचकांनी ती सूचना खरी मानली. त्यानंतर विनोद ओळखू यावा म्हणून खूण असावी अशी चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला तेथील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फॅलमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा तो आडवा चेहरा सुचवला. तेव्हा पाटी लावावी लागली ती विनोद वाईट होता म्हणून नव्हे, तर लिहिलेल्या शब्दांत आवाज उमटत नाही म्हणून.

मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हेच मोजले. वाक्य उपरोधिक आहे की गंभीर, हे समोरच्याला १०० पैकी ७८ वेळा कळेल असे पाठवणाऱ्यांना वाटत होते. आवाजातून ते ७३ वेळा कळले. ईमेलमधून ५६ वेळा.

खवचट

छप्पन्न म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा सहाने जास्त. यावरून वाचक कसे आहेत हे कळते, विनोद कसा असावा हे नाही. शंभरातल्या चव्वेचाळीस ठोंब्यांसाठी मी माझ्या वाक्याला शेपूट का लावावे?

कंसातला

कारण पाठवणाऱ्यांना आपण चुकतो आहोत हे कळलेही नव्हते, आणि आपल्यालाही कळत नाही. आपले मागील प्रतिसाद मी वाचले आहेत. चिन्ह नसल्यामुळे त्यांतला विनोद निसटतो असे मी इतके दिवस समजत होतो. आता शंका येते, की निसटण्यासारखे तेथे काही नव्हतेच.

खवचट

व्यक्तिगत पातळीवर उतरल्याबद्दल आभार. आपल्या या वाक्याला मात्र चिन्हाची गरज भासली नाही, याची नोंद घ्यावी.

शब्दवेल्हाळ

चिन्हाच्या बाजूने एवढेच सांगतो, की ही गरज फार जुनी आहे. अल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने १८९९ साली उपरोधासाठी स्वतंत्र विरामचिन्ह सुचवले होते. ते रुजले नाही. फॅलमन यांचे रुजले, कारण ते चेहऱ्यासारखे दिसते आणि ते टंकण्यासाठी नवा खिळा पाडावा लागत नाही.

रात्रपाळी

मी राजीनाम्याबद्दल लिहिले आणि त्याखाली सहा प्रतिसाद विरामचिन्हांवर आले. मला हसावे की चिडावे कळेना, म्हणून दोन्ही केले. येथेही तेच झाले, जे तेव्हा झाले होते : वाक्याची रचना सर्वांना आवडली.

कंसातला

क्षमा असावी. तरीही एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्याच मुद्द्याची आहे. फॅलमन यांनी त्याच निरोपात पुढे असेही लिहिले होते, की सध्याचे वारे पाहता जे विनोद *नाहीत* त्यांनाच खूण करणे अधिक काटकसरीचे ठरेल, आणि त्यासाठी त्यांनी कंस उलटा करून दुसरा चेहरा सुचवला. आज आपण ज्याला रडका चेहरा म्हणतो, त्याचा पहिला अर्थ 'दुःख' असा नव्हता. 'हे खरे आहे, हसू नका' असा होता.

रात्रपाळी

हे मला ठाऊक नव्हते. ते तेव्हा हाताशी असते, तर मी ते वापरले असते का, याबद्दल मला शंका आहे. हसणारी माणसे समोर असताना ते हसणे आपल्या हाताने बंद करायला बरेच धैर्य लागते.

ऐकणारी

आणि ऐकणाऱ्याने काय करावे? तुमच्या वाक्यांवर हसणाऱ्या मैत्रिणींत मी असते, तर मीही हसलेच असते. न हसता 'बरी आहेस ना' असे विचारले असते, तर तुम्ही चिडला असता की नाही, खरे सांगा.

रात्रपाळी

पहिल्या वेळी चिडले असते. चौथ्या वेळी बहुधा नाही.

सरळमार्गी

'आळस' हा शब्द मी मागे घेतो. 'कंटाळवाणे' हा शब्द कायम आहे. चरफडराव यांनी याला माफीनामा समजू नये.

माझ्या त्या सहकाऱ्यांची गेल्या वर्षी बदली झाली. चार वर्षांत मी त्यांना चौथ्यांदाच काय, एकदाही काही विचारले नाही, हे वरील वाचताना ध्यानात आले. त्यांचा उसासा विनोद होता की उलटा कंस, हे मला आज सांगता येणार नाही. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ अबोल आहेत. मला ते फार आवडतात, आणि त्यांच्याबद्दल मला काडीचीही माहिती नाही.

चरफडराव

माफीनामा समजलो नाही, पावती समजून ठेवून दिली आहे. रडगाणे आणि कुरकुर यांतली रेघ ऐकणाराच ठरवतो, बोलणारा नव्हे, एवढे मीही देऊन टाकतो, कारण ऐकणारी यांच्या डोकेदुखीनंतर दुसरा मार्ग उरलेला नाही.

एक वार्ता द्यायची राहिली. आमची लिफ्ट परवा दुरुस्त झाली. त्यानंतर मला लिफ्टमध्ये चार शेजारी भेटले. प्रत्येकाशी मान हलवून झाली, मजला आला आणि दार लगेच उघडले.

खवचट

ही कुरकुर आहे, तक्रार आहे की विनोद आहे, हे दाखवणारे चिन्ह आपण शेवटी लावलेले नाही.