धावून आल्यावर लगेच विहिरीचं गार पाणी अंगावर घेतलं तर चालतं का?

खाडीपलीकडे (गुहागर तालुका)
आमच्या वाडीतली मुलं-मुली पोलीस भरतीची तयारी करतायत. संध्याकाळी पुळणीवर धावणं, गोळाफेक, मग जोर-बैठका. ते उरकलं की तशीच घामाघूम विहिरीवर जातात आणि कळशीमागून कळशी डोक्यावर ओततात. घरची मोठी माणसं ओरडतात, घामाच्या अंगावर गार पाणी घेऊ नये, वारं भरतं. त्यात आता मोबाईलवर बघून बंदरावरून बर्फाची लादी आणून पिंपात बसायचं चाललंय. यातलं काय चालेल, काय नाही? थांबायचं तर किती? नेमकं सांगितलंत तर मुलांना पटवता येईल.

जांभाचिरा
आधी पाण्याचं तापमान बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे. एकदम श्वास आत ओढला जाणं, धाप लागणं, नाडी आणि रक्तदाब चढणं हा थंडीचा खरा झटका साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात जोराचा असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो सगळ्यात तीव्र असतो, दोन-तीन मिनिटांत ओसरतो. आपल्याकडच्या विहिरीचं पाणी २६-२७ अंशांच्या आसपास. तापलेल्या कातडीला ते गार लागतं, पण धडधाकट तरुणाच्या हृदयाला त्याने धोका नाही. सर्दी तर विषाणूने होते, कळशीने नाही.

धोका आहे तो धावता धावता एकदम थांबण्यात. धावताना पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. पाय थांबले की ते ढकलणं बंद, रक्त खाली साठतं, दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी शेवाळलेल्या कठड्याशी वाकून रहाट ओढणं म्हणजे घात. विहिरीवर मला खरी भीती वाटते ती तोल जाण्याची.

म्हणून शेवटची फेरी संपली की ८ ते १० मिनिटं चालायचं. बसायचं नाही. बोलताना धाप लागत नाही आणि नाडी मिनिटाला १००च्या आसपास आली की आंघोळ. पाणी आधीच काढून ठेवा, म्हणजे दमलेल्या अंगाने ओढावं लागणार नाही. आधी पाय-मांड्या, मग हात, पाठ, छाती, शेवटी डोकं. एवढ्या कोमट पाण्याला हा क्रम लागतोच असं नाही, पण पुढे थंड पाणी वापरायचं असेल तर सवय चांगली.

हृदयविकार, औषधांनीही ताब्यात नसलेला रक्तदाब, किंवा गार पाण्याने अंगावर गांधी उठणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फाच्या वाटेला जाऊ नये. गांधी उठणाऱ्यांनी तर विहिरीच्या पाण्यातही काळजी घ्यावी.

खाडीपलीकडे
पण आमच्याकडच्या दमट हवेत अर्धा तास चाललं तरी घाम थांबत नाही. मोठी माणसं म्हणतात घाम सुकू दे.

जांभाचिरा
घाम सुकायची वाट बघूच नका. घाम हवेत उडाला तरच अंग निवतं. मे महिन्यात हवाच पाण्याने भरलेली, घाम नुसता निथळतो आणि आतली उष्णता आतच राहते. तिथे विहिरीचं पाणी उपकारकच आहे. नाडी उतरली की घ्या.

बंदरावरचा
बर्फाबद्दल. खेळाडू वापरतात ते पाणी १० ते १५ अंशांचं, आणि वेळ १० ते १५ मिनिटं. नवख्याने १५ अंशांत ५ मिनिटांपासून सुरुवात करावी. २८ अंशांचं पाणी १४ वर आणायला दर १० लिटरला साधारण दीड किलो बर्फ लागतो. म्हणजे १०० लिटरला १५ किलो, आणि उघड्यावर ठेवलंत तर त्याहून जास्त. अंदाजाने टाकू नका, पाण्यात बुडणारा थर्मामीटर घ्या. तापाचा चालत नाही, तो इतकं खालचं तापमान दाखवत नाही.

पिंप मात्र नकोच. तोंड अरुंद, आणि पाय बधिर झाले की स्वतःहून बाहेर पडता येत नाही. ४० लिटरचा टब आणि ६ किलो बर्फ घेऊन गुडघ्यापर्यंत पाय बुडवा, पोटऱ्यांना तेवढं पुरतं. शेजारी एक जण उभा हवा. मासळीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, त्यामुळे पायाला खरचटलं असेल तर तो पाण्यात मिसळू नका, पिशव्यांत बांधून सोडा. लादीचा तुकडा थेट कातडीवर धरला तर कातडी जळते. मधे फडकं हवं.

आता वापरायचं कधी? गोळाफेक आणि बैठकांच्या दिवशी नको. २०१५ साली ऑस्ट्रेलियात १२ आठवडे तपासून पाहिलं, तेव्हा ताकदीच्या व्यायामानंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद दुसऱ्या गटापेक्षा कमी वाढली. दुसऱ्या गटाने व्यायामानंतर हलकी सायकल चालवली होती. थंडीने अंगदुखी कमी होते हे खरं, पण स्नायू घडायची क्रियाही मंदावते. कबड्डीच्या स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन सामने असतील, तिथे बर्फ कामाचा.

पोफळीची बाग
एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. उन्हात धावताना कोणी बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. त्या वेळी थांबणं-बिंबणं काही नाही. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला गार करत राहा. विहिरीजवळ मोठी दोण असेल तर मानेपर्यंत आत बसवा आणि दोघांनी काखेत धरून ठेवा, तोंड पाण्यात जाता कामा नये. दोण नसेल तर सावलीत आडवा करून कळशा ओतत राहा आणि सुपाने वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा, जांघा इथे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळीही नको, हा तसला ताप नव्हे.

खाडीपलीकडे
हे छापून विहिरीजवळ लावतो. समुद्रात डुबकी मारली तर?

बंदरावरचा
पाणी गार म्हणून नाही, ओढ म्हणून भीती. दमलेल्या पायात गोळा आला तर कमरेएवढ्या पाण्यातही पाय टिकत नाहीत. गुडघ्याच्या वर जाऊ नये, पावसाळ्यात अजिबात नको. आणि रविवारी लांब धावून उन्हवऱ्याच्या किंवा तुरळच्या गरम कुंडात उतरायचा बेत असेल तर अर्धा तास थांबा, पाणी प्या, मग उतरा. गरम पाण्याने रक्तवाहिन्या आणखी सैलावतात आणि कुंडातून उभं राहताना चक्कर येते. उठताना कठडा धरून, हळू.