बाइटविंगवरची काळी सावली कीडच आहे, हे कसं ठरवायचं?

प्रश्न
डिजिटल बाइटविंगमध्ये (दात मिटवून घेतलेला, वरच्या-खालच्या दाढांचा एक्स-रे) दोन दाढांच्या मधे, हिरडीच्या बाजूला काळसर पट्टा दिसतोय. वरून दात अखंड आहे. शार्पनिंग फिल्टर (प्रतिमेतल्या कडा ठळक करणारा) लावला की पट्टा गडद होतो, शिवाय शेजारच्या जुन्या चांदीच्या फिलिंगलगतही काळी रेघ उमटते. दोन्हीकडे कीड धरायची का?

उत्तर १
आधी जागा बघा. दोन दातांमधली कीड ते एकमेकांना टेकतात त्याच्या जरा खाली सुरू होते. इनॅमलमध्ये (दाताचं बाहेरचं कठीण आवरण) ती त्रिकोणी दिसते, टोक डेंटिनकडे (इनॅमलच्या आतला थर). डेंटिनला पोचली की सीमेलगत पसरते. तुमचा पट्टा इनॅमल संपतं तिथून हाडाच्या कडेपर्यंत असेल, तर तो बहुतेक सर्व्हायकल बर्नआउट, म्हणजे दाताच्या मानेजवळ दिसणारी फसवी सावली आहे. तेवढ्या भागावर ना इनॅमल असतं ना हाड, म्हणून किरण जास्त पार होतात. त्याच्या कडा विरलेल्या असतात आणि एक्स-रे ट्यूबचा कोन थोडा बदलला की आकार बदलतो, कधी पट्टा नाहीसाच होतो. मुळावरची खरी कीड दुसऱ्या कोनातूनही तिथेच दिसते, आणि ती सहसा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं तिथे होते.

फिलिंगलगतच्या रेघेबद्दल: शार्पनिंग प्रत्येक कडेवरचा फरक वाढवतं, त्यामुळे धातूला लागून काळी किनार तयार होते. निदान मूळ प्रतिमेवरच करा. तिथे रेघ नसेल तर फक्त तिच्या भरवशावर फिलिंग काढू नका. आणि टोकदार एक्स्प्लोरर (दात तपासायची अणकुचीदार सळई) दाबून तपासू नका, सुरुवातीच्या किडीचा वरचा अखंड थर त्याने फुटतो.

उत्तर २
कोन चुकलेला असेल तर प्रतिमा वाचण्यात अर्थ नाही. शेजारच्या दातांचं इनॅमल एकमेकांवर चढलं की नेमकी कीड लपते. आडवा कोन असा ठेवा की किरण दातांमधल्या फटीतून सरळ जातील; उभा कोन साधारण +५ ते +१० अंश. उपदाढा आणि दाढा यांच्या फटींची दिशा वेगळी असते, म्हणून मोठ्या माणसात एका बाजूला दोन प्रतिमा घ्याव्या लागतात. तोंडात ठेवायचा सेन्सर जाड आणि कडक असल्याने टोचतो, पेशंट पूर्ण चावत नाही आणि सेन्सर कलतो. सेन्सरच्या होल्डरवर दात नीट मिटलेत ना, हे एक्सपोजरआधी बघाच.

एक्सपोजर जास्त झालं तर कडेचं पातळ इनॅमल प्रतिमेत काळं पडून दिसेनासं होतं, आणि सॉफ्टवेअर उजेड आपोआप जुळवत असल्याने ही चूक लक्षातही येत नाही.

शिवाय साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय कीड एक्स-रेवर दिसत नाही, म्हणजे ती दिसते त्यापेक्षा खोल असते. तरीही सावली इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यात असेल आणि पृष्ठभाग फुटलेला नसेल, तर ड्रिल नको. फ्लोराइड, फ्लॉस, आणि पुढची प्रतिमा त्याच कोनातून घेऊन तुलना.

प्रश्नकर्ता
लहान मुलांतही हेच निकष? एका प्रतिमेत इनॅमल आणि डेंटिन वेगळे ओळखूच येत नाहीत.

उत्तर ३
सगळ्याच दातांत तसं असेल तर अमेलोजेनेसिस इम्पर्फेक्टा मनात ठेवा. हा दुर्मीळ जन्मजात दोष आहे. दुधाच्या आणि कायमच्या, दोन्ही दातांत दिसू शकतो. एका प्रकारात इनॅमल पातळ असतं पण घनता ठीक असते. दुसऱ्यात जाडी असते, खनिज कमी, म्हणून एक्स-रेवर ते डेंटिनसारखंच राखाडी दिसतं आणि कीड शोधायला लागणारा फरकच उरत नाही. ६५५ नॅनोमीटरचं लेझर फ्लुओरेसन्स यंत्रही (दातावर लाल प्रकाश टाकून परतणाऱ्या चमकेवरून कीड मोजणारं) अशा इनॅमलवर कीड नसताना मोठा आकडा दाखवू शकतं. दात पुसून, हवेने वाळवून, भरपूर उजेडात बघा: किडीच्या जागा तुटक, प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) साचतो तिथे, जन्मजात दोष बहुधा दोन्ही बाजूंना सारखा. कुटुंबात आणखी कुणाचे दात असे आहेत का, तेही विचारा.