वक्तृत्वाच्या भाषणासाठी संदर्भ कोणता : जनगणनेचा तक्ता की आशाताईंची वही?

धागाकर्ता (परीक्षक)
वक्तृत्व स्पर्धेत मुलींच्या घटत्या संख्येचा विषय असला की, '२०११ मध्ये महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८८३ मुली होत्या' हे वाक्य हमखास कानावर पडते. हा आकडा जनगणनेच्या तात्पुरत्या आकडेवारीतला आहे. अंतिम आकडेवारीत तो ८९४ झाला. २००१ मध्ये तो ९१३ होता, म्हणजे घसरण ३० ची नसून १९ ची ठरते. घसरण खरीच आहे, आणि म्हणूनच ती मांडताना मूळ तक्ता उघडून पाहायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (पालक)
तुमची दुरुस्ती मान्य आहे, पण सात मिनिटांच्या भाषणात आकड्यांनी मन वळत नाही. माझी मुलगी गेल्या वर्षी गावातल्या आशाताईंकडे, म्हणजे गरोदर बायकांची नोंद वहीत ठेवणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेकडे, जाऊन बसली. त्यांनी वहीतल्या एका खोडलेल्या नावावर बोट ठेवले आणि सांगितले, "तिसऱ्यांदा दिवस गेले होते; माहेरी जाते म्हणाली, परत आली तेव्हा नाव खोडावं लागलं." मुलीने हे सांगितले तेव्हा सभागृहात कुणी हालले नाही. हा संदर्भ कोणत्या तक्त्यात मिळणार आहे?

धागाकर्ता
प्रसंग हृदयाला भिडतो, यात शंका नाही. परंतु नाव का खोडले गेले, हे ती वही सांगत नाही. गर्भपात आपोआपही होतो. शिवाय एका वस्तीतले जन्म इतके थोडे असतात की, ओळीने पाच-सहा मुलगे होणे निव्वळ योगायोगानेही घडते. प्रतिस्पर्ध्याने एवढे विचारले, तर त्या मुलीजवळ काय उत्तर आहे?

प्रतिसाद २
एक भर घालतो. ८८३ हा आकडा बहुधा २०११ सालच्या कात्रणांतून येतो. तेव्हाच्या बातम्या चूक नव्हत्या, कारण अंतिम आकडे नंतर आले. कात्रणावरची तारीख न पाहणे, ही चूक वक्त्याची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून पुष्कळ जण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळतात. पण तिथले प्रमाण जन्माच्या वेळचे असते, ते ० ते ६ वयोगटाच्या प्रमाणाशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

प्रतिसाद १
८९४ हा आकडा आजच भाषणात लिहून घेतला, आणि त्या खोडलेल्या नावाचे कारण आशाताईंना पुन्हा विचारायला मुलीला रविवारी पाठवतो आहे. भाषणाची सुरुवात मात्र ती वहीपासूनच करील, तेवढे मी बदलू देणार नाही.