पैसे न उधळता वर्षानुवर्षं खेळायचंय: सुपरसेल, होयोवर्स की अस्टू?

प्रश्न: मोबाइल गेम बनवणाऱ्या या तीन कंपन्यांपैकी कोणाचा गेम धरावा?

उत्तर १: सुपरसेल. क्लॅश ऑफ क्लॅन्स २०१२चा, अजून अपडेट येतात. फक्त त्यांच्या अगदी नव्या गेमवर पैसे लावू नका, न जमलेला गेम ते सरळ बंद करतात. एव्हरडेल, क्लॅश मिनी आठवा. आणि सेटिंग्जमधून सुपरसेल आयडी (कंपनीचं खातं) पहिल्याच दिवशी जोडा, नाहीतर फोन बदलला की गेममध्ये वसवलेलं गाव गेलंच समजा.

उत्तर २: होयोवर्सचा गेन्शिन इम्पॅक्ट देखणा आहे, पण आधी गाचाचं, म्हणजे सोडतीतून पात्रं मिळवण्याचं, गणित समजून घ्या. एका विशला, म्हणजे एका सोडतीला, १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन). ९० विशांत पंचतारांकित पात्र नक्की, पण ते बॅनरवरचंच (त्या वेळच्या खास सोडतीत झळकणारंच) असेल असं नाही. पहिलं चुकलं तर पुढचं हमखास. म्हणजे वाईटात वाईट १८० विश, २८,८०० प्रिमोजेम! विशांची मोजणी पुढच्या पात्र-बॅनरवर चालू राहते, त्यामुळे मधेच थांबलात तरी वाया जात नाही. लोक घाईत पैसे भरतात ते नेमकं हे माहीत नसल्यामुळे.

उत्तर ३: अस्टूचा मॉन्युमेंट व्हॅली सुंदर, पण मूळ गेमच्या लेव्हल दहाच. ‘वर्षानुवर्षं’ला बाद.